फिशफाइंडर घेताय? स्क्रीनचे इंच नंतर मोजा

३० ऑगस्ट २०२४ ला पालघरला वाढवण बंदराची पायाभरणी झाली, त्याच कार्यक्रमात मच्छीमार बोटींवर ट्रान्सपाँडर बसवायची देशभराची योजनापण सुरू झाली, एक लाख बोटींसाठी. तेव्हापासून बंदरावर एक प्रश्न सारखा कानावर येतो, की सरकारचं मशीन बसलं म्हणजे आता जीपीएस घ्यायला नको ना? आणि त्याच्या मागोमाग दुसरा, फिशफाइंडर घेतला तर जीपीएस त्यात येतोच ना, मग पाच इंची घेऊ की सात इंची?

आधी पहिल्या प्रश्नाचं बघू. ट्रान्सपाँडर तुमची बोट कुठे आहे हे सॅटेलाइटवरून किनाऱ्यावर कळवतो, वादळाचा इशारा तुमच्यापर्यंत आणतो, अडचणीत असलात तर तुमचा मेसेज पोचवतो. म्हणजे तुमची जागा दुसऱ्यांना कळावी म्हणून तो. जीपीएस प्लॉटर तुमची जागा तुम्हालाच दाखवतो आणि फिशफाइंडर तुमच्या बुडाखाली काय आहे ते सांगतो. तीन मशीन, तीन कामं, एकाने दुसऱ्याची गरज संपत नाही. बाजारात आता बहुतेक फिशफाइंडर आणि जीपीएस एकाच डब्यात मिळतात, त्याला कॉम्बो म्हणतात, आणि हा सगळा लेख त्या कॉम्बोबद्दल आहे.

मी लिहितोय ते छोट्या फायबरच्या होड्यांसाठी, मागे आउटबोर्ड, म्हणजे बाहेरून टांगलेलं इंजिन, पहाटे जाऊन दुपारी परत, पंचवीस-तीस वावाच्या, म्हणजे साधारण ४५-५५ मीटर खोलीच्या, आतली मासेमारी. खोल समुद्रातल्या मोठ्या लाँचचं गणित वेगळं असतं. आणि माझं मत आधीच सांगून टाकतो, अशा होडीला या मशीनचा सगळ्यात जास्त फायदा तळ कळण्यात आणि सापडलेली जागा परत गाठण्यात आहे, मासा दिसणं त्यानंतर येतं. हे एकदा पटलं की कुठल्या गोष्टीवर पैसे घालायचे आणि कुठल्या नाही हे आपोआप सुटत जातं.

आवाज खाली जातो आणि परत येतो

फिशफाइंडरमध्ये कॅमेरा नसतो. बोटीच्या बुडाशी साबणाच्या वडीएवढा एक तुकडा बसवलेला असतो, तो ट्रान्सड्यूसर. तो आपल्याला ऐकू न येणारा आवाज खाली सोडतो, आवाज तळाला आपटून परत येतो, तो परत ऐकतो आणि किती वेळ लागला त्यावरून खोली काढतो. खाऱ्या पाण्यात आवाज सेकंदाला साधारण १५०० मीटर जातो, म्हणजे १५ मीटर पाण्यात जाऊन-येऊन सेकंदाचा पन्नासावा भाग. हे काम तो सतत करत असतो आणि प्रत्येक वेळची एक उभी रेघ स्क्रीनवर टाकत जातो. पाणी गढूळ असलं तरी फरक पडत नाही, कारण उजेडाचा संबंधच नाही, म्हणून मुंबई-पालघरच्या चिखलपाण्यातही हे मशीन चालतं.

मच्छीमारांसाठी विकायला पहिला फिशफाइंडर जपानमध्ये फुरुनोने १९४८ साली आणला, म्हणजे तंत्र काही कालचं नाही.

आता मासा कसा दिसतो? बऱ्याच माशांच्या पोटात हवेची पिशवी असते, आणि पाण्यातून आलेला आवाज हवेवर आपटला की जोरात परत फिरतो. घोळीचंच बघा, जिच्या भोताला एवढा भाव आहे, २०२१ ला पालघरच्या मुरब्याच्या बोटीला घोळीचा थवा लागला आणि सव्वा कोटीच्या वर पैसे झाले, तो भाव मुख्यतः भोताचाच, आणि ते भोत म्हणजे हीच हवेची पिशवी. अशी मासळी स्क्रीनवर ठळक येते. पण सुरमईला ती पिशवी नसते, मोरी-पाकटाला नसते, बोंबलाला नसते, कोळंबी आणि माकूल तर मासेच नाहीत. यांचा परतीचा आवाज बारीक असतो, दाट थवा असेल तर ढगासारखं काहीतरी येतं, एकटी सुरमई बहुतेक वेळा निसटतेच. त्यामुळे फक्त सुरमईसाठी फिरणाऱ्याने स्क्रीनवर सुरमई शोधू नये, तिचं खाणं शोधावं, तारली-पेडव्यांचा थवा कुठल्या पाण्यात आहे ते बघावं.

स्क्रीनवरचं सगळं आत्ताचं नसतं

नवीन माणूस इथे हमखास गोंधळतो. स्क्रीन बघितली की वाटतं हे समुद्राचं चित्र आहे, डावीकडे मागचं, उजवीकडे पुढचं. तसं नाही. अगदी उजव्या टोकाची रेघ फक्त आत्ताची आणि ती तुमच्या थेट खालची, बाकी सगळं होऊन गेलेलं. नांगर टाकून एका जागी उभे असाल तरी चित्र सरकत राहतं, आणि खाली एकच मासा स्थिर बसलेला असेल तर त्याची लांबच लांब आडवी रेघ येते, ती बघून कोणी म्हणेल केवढा मोठा मासा! तो मोठा नाही, तो हलत नाहीये एवढंच.

आणि जे सगळ्यांनी लक्षात ठेवलंच पाहिजे, हे मशीन पुढचं दाखवत नाही. समोरचा खडक स्क्रीनवर दिसेपर्यंत तुम्ही त्याच्यावर असता. खाडीच्या तोंडाशी किंवा किल्ल्याच्या आसपासच्या खडपांतून जाताना फिशफाइंडरच्या भरवशावर राहू नका, तिथे डोळे, भरती-ओहोटीचा अंदाज आणि जीपीएसवरचा तुमचाच जुना मार्ग उपयोगी पडतो.

बऱ्याच मशीनमध्ये माशाची छोटी चित्रं दाखवायची सोय असते, दुकानात तीच आधी दाखवतात. ती बंद करा. मशीन कुठलाही वेगळा ठिपका दिसला की माशाचं चित्र काढतं, मग तो बुडबुडा असो, जेलीफिश असो की तरंगतं प्लास्टिक. चित्रं बंद केली की खरी खूण दिसते, चालत्या बोटीखालून मासा गेला तर कमानीसारखा आकार, थवा असेल तर गोळा.

रुंद बघायचं की बारीक

ट्रान्सड्यूसरचा आवाज टॉर्चच्या झोतासारखा खाली पसरत जातो, जितकं खोल तितकं गोल मोठं. हा झोत किती रुंद ते फ्रिक्वेन्सीवर ठरतं, म्हणजे आवाज किती बारीक पट्टीतला आहे त्यावर. जुनी ठरलेली जोडी ५० आणि २०० किलोहर्ट्झची. ५० चा झोत रुंद आणि खोलवर जाणारा पण चित्र जाडंभरडं, २०० चा अरुंद, जास्त खोल जात नाही पण बारकावे छान.

आकड्यात सांगतो. २० मीटर पाण्यात २० अंशाचा झोत तळाला साधारण ७ मीटरचं गोल बघतो, ४५ अंशाचा साडेसोळा मीटरचं. मग रुंदच चांगला की, असं वाटेल. पण रुंद झोताच्या कडेचा आवाज तिरका जातो, त्याला अंतर जास्त पडतं, आणि मशीनला तिरकं-सरळ कळत नाही, फक्त वेळ कळतो. त्यामुळे २० मीटरवर रुंद झोताच्या कडेला तळाला चिकटून दीड मीटरपर्यंत जे काही असेल ते तळाच्या रेघेतच मिसळून जातं. अरुंद झोतात हाच लपलेला भाग फूटभर. तांबोशी, गोबरा असे खडकाला धरून राहणारे मासे गळाला लावणाऱ्यासाठी हा फरक फार मोठा आहे.

म्हणून आपल्या तीस वावाच्या आतल्या कामाला २०० च्या आसपासची फ्रिक्वेन्सी पुरते. आता बहुतेक कंपन्या चर्प म्हणून देतात, त्यात एकच सूर न सोडता एका पट्ट्यातले सगळे सूर ओळीने सोडतात, त्याने जवळजवळचे दोन मासे वेगळे दिसतात आणि कचरा कमी येतो. चर्प खरंच कामाचं आहे, थोडे पैसे जास्त गेले तरी घ्यावं. डाव्या-उजव्या बाजूला बघणारं साइड स्कॅन मात्र माझ्या मते छोट्या होडीवर दुय्यम, उथळ आणि शांत पाण्यात सुंदर चित्र देतं पण होडी डोलायला लागली की त्याचं चित्र वाकडंतिकडं होतं.

वॅटचा आकडा बघताना एक चलाखी ओळखा. खोक्यावर ४००० वॅट लिहिलेलं असतं आणि शेजारच्यावर ५००. दोन्ही सारखेच असू शकतात! पहिला आकडा पीक-टू-पीक पद्धतीने, म्हणजे टोकापासून टोकापर्यंत मोजलेला, दुसरा आरएमएस, म्हणजे सरासरी ताकदीचा, आणि पहिला हा दुसऱ्याच्या आठपट येतो. दुकानदाराला आरएमएस किती एवढंच विचारा. आपल्या खोलीला ३०० ते ५०० आरएमएस भरपूर झाले.

तळ वाचता आला तर पैसे वसूल

खडकाळ तळावरून आवाज जोरात परत येतो, रंगीत स्क्रीनवर तळाची पट्टी लाल-पिवळी भडक दिसते, आणि पाणी उथळ असेल तर आवाज तळाला आपटून वर येतो, पाण्याच्या पृष्ठभागावर आपटून परत खाली जातो आणि पुन्हा येतो, त्यामुळे दुप्पट खोलीवर दुसरा फिका तळ उमटतो. हा दुसरा तळ दिसला की समजा खाली कडक आहे. चिखलावर आवाज मुरतो, पट्टी फिकी होते, दुसरा तळ गायब.

पालघरकडे मैलोनमैल चिखलाचा तळ, तिथे मध्येच एखादा कडक पट्टा आला तर तो सोनं. मालवण-देवगडकडे उलटं, तिथे खडक आहेतच, प्रश्न असतो जाळं कुठे अडकणार नाही याचा. गिलनेट टाकायच्या आधी त्या रेषेवरून एक फेरी मारली आणि तळाची पट्टी सपाट, सलग आहे हे बघितलं तर फाटलेल्या जाळ्याचा खर्च वाचतो, आणि मी तर म्हणेन मशीनचे पैसे मासा दिसण्याआधी इथेच निघतात. खडकाच्या कडेला जिथे लाल पट्टी संपून फिकी सुरू होते ती धार, गळवाल्याने नांगर टाकायची जागा ती.

खोलीचं एकक पण आधीच लावून घ्या. मशीन मीटर, फूट आणि फॅदम तिन्ही दाखवतं, फॅदम म्हणजे आपला वावच, १.८३ मीटर. तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, वावात बोलणार आणि स्क्रीन फुटात दाखवणार असं असेल तर घाईच्या वेळी घोळ होतोच. आणि उधाणाच्या दिवसांत एकाच जागेची खोली सकाळ-दुपार वेगळी दिसेल, मुंबईकडे तर पाच मीटरपर्यंतचा फरक पडतो, मशीन बिघडलेलं नसतं.

जीपीएस: जागा साठवायची वही

आपली जुनी माणसं डोंगराचं टोक आणि देवळाचा कळस एका रेषेत आणून खडक शोधायची, आणि आजही जो तांडेल हे करतो त्याच्याकडून शिकून घ्यावं. पण धुकं असलं, रात्र असली, किनारा दिसेनासा झाला की त्या खुणा उपयोगाच्या राहत नाहीत. जीपीएस तेच काम कुठल्याही वेळी करतो. २०,००० किलोमीटरवरून फिरणाऱ्या सॅटेलाइटपैकी किमान चार त्याला दिसले की तो तुमची जागा काढतो, उघड्या समुद्रात चूक साधारण तीन ते पाच मीटर. रेंज लागत नाही, महिन्याचे पैसे लागत नाहीत. मशीन नाविक किंवा गगन या भारताच्या सॅटेलाइट यंत्रणा पकडत असेल तर आणखी चांगलं, नसेल तरी आपल्या कामाचं अडत नाही.

साठवलेल्या जागेला वेपॉइंट म्हणतात. खडक, जाळ्याची दोन टोकं, डोल जाळ्याचे खुंट, बुडालेल्या बोटीचा सांगाडा, आणि सगळ्यात आधी खाडीत शिरायची वाट, सगळं साठवा, पण नावं नीट द्या, ००१, ००२ असं सोडलं तर दोन महिन्यांनी कुठलं काय ते कळत नाही. गेलेल्या मार्गाची रेघ पण मशीन ठेवतं, त्याला ट्रॅक म्हणतात. उजेडात, भरतीला सुखरूप बाहेर पडलात त्याचा ट्रॅक साठवून ठेवा, रात्री परत यायला तीच वाट धरा. खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा पावसाळ्यानंतर सरकतो, म्हणून दर वर्षी नारळी पौर्णिमेनंतर नवा ट्रॅक करायचा, आणि विकतच्या नकाशावर तिथे विश्वास टाकायचा नाही.

दोन ठिकाणी लोक फसतात. एक, बोट थांबलेली असताना स्क्रीनवरचा बाण कुठेही फिरतो. साध्या जीपीएसला दिशा हालचालीवरून कळते, होडी चालायला लागली की बाण सरळ होतो. म्हणून होकायंत्र काढून टाकू नका. दुसरं, अंश-मिनिटांची लिहायची पद्धत. मालवणसमोरची एखादी जागा १६ अंश ०२.५० मिनिटं आहे. हीच कोणी फोनवर ऐकून १६ अंश ०२ मिनिटं ५० सेकंद अशी टाकली तर? ०२.५० म्हणजे दोन मिनिटं तीस सेकंद, वीस सेकंदांची चूक झाली. एक मिनिट अक्षांश म्हणजे एक सागरी मैल, १८५२ मीटर, तर वीस सेकंद म्हणजे सहाशे मीटरच्या वर. एवढ्या अंतरावर खडक काय, खडकाची सावलीपण सापडणार नाही. हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्राची माहिती देणाऱ्या सरकारी केंद्राकडून मासळीच्या संभाव्य जागांची जी माहिती येते, समुद्राचं तापमान आणि हरितद्रव्य सॅटेलाइटवरून बघून काढलेली, त्यातले आकडे अंश-मिनिट-सेकंदात असतात, आणि बरीच मशीनं दुकानातून मिनिटांच्या दशांशावर लावलेली येतात. सेटिंगमध्ये जाऊन एकच पद्धत ठरवा आणि होडीवरच्या सगळ्यांना सांगा.

माणूस पाण्यात पडला तर दाबायची सोयही बहुतेक मशीनमध्ये असते, त्या क्षणाची जागा पकडून तिकडे परत न्यायला. ती कशी दाबायची हे खलाशालापण माहीत पाहिजे, कारण पडणारा तांडेलही असू शकतो.

पण मोबाइलमध्ये आहे की सगळं

आहे, आणि मोबाइलचा जीपीएस रेंजशिवायही चालतो, नकाशा आधी उतरवून ठेवला तर. दुसरं साधन म्हणून तो जरूर असू द्या. पण दुपारच्या उन्हात मोबाइलची स्क्रीन दिसत नाही, ओल्या बोटांनी चालत नाही, गरम होऊन बंद पडतो, आणि ज्या फोनवरून मदत मागायची त्याचीच बॅटरी तुम्ही संपवताय. कॉम्बो घेतानाही हेच तपासा, दुकानातल्या ट्यूबलाइटखाली सगळंच छान दिसतं, मशीन दाराबाहेर उन्हात नेऊन बघा. टच स्क्रीनपेक्षा मला बटणवालं बरं वाटतं, हात ओले आणि खवल्यांनी भरलेले असतात. आयपीएक्स ७ लिहिलेलं असावं, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकेल. पाच इंचीवर नकाशा आणि तळ एकत्र बघायला अडचण होते, सात इंची सोयीची, पण मोठी स्क्रीन की चांगला ट्रान्सड्यूसर असं निवडायची वेळ आली तर पाच इंची घ्या आणि चांगला ट्रान्सड्यूसर घ्या.

बसवण्यात चुकलं की महागडं मशीनही आंधळं

आमच्याकडे एका होडीवर नवंकोरं मशीन होतं, उभ्या होडीत चित्र सुरेख, वेग घेतला की स्क्रीनवर नुसत्या रेघा, खोलीचा आकडापण गायब. सगळे मशीनला शिव्या घालत होते. होडी वर ओढल्यावर खाली वाकून बघितलं तर ट्रान्सड्यूसरच्या बरोबर पुढे, बुडाच्या फायबरवर बोटभर जाडीचा एक उंचवटा होता. चालत्या होडीत त्याच्यामागून बुडबुड्यांची रांग निघायची आणि थेट ट्रान्सड्यूसरच्या तोंडावर जायची. पाण्यातला आवाज हवेवर आपटून परत फिरतो, बुडबुडे म्हणजे भिंतच. हातभर बाजूला, गुळगुळीत पट्टीवर सरकवला आणि तेच मशीन पळत्या होडीत तळ दाखवायला लागलं.

तेव्हा आउटबोर्डच्या होडीला मागच्या फळीवर, म्हणजे ट्रान्समवर, ट्रान्सड्यूसर लावताना त्याच्या पुढचं बूड हाताने चाचपून बघा, तिथे खिळा, सांधा, कसलाही उंचवटा नको. पंख्यापासून दीड फूट तरी लांब. मागून बघितलं तर पंखा सहसा घड्याळाच्या दिशेने फिरतो म्हणून उजवी बाजू बरी, तिथे पातं खाली जातं आणि फेस कमी येतो. फायबरच्या होडीत ट्रान्सड्यूसरचं तोंड बुडाच्या कडेपेक्षा ३ मिलीमीटर खाली असावं, जास्त खाली केलं तर तोच पाणी उडवतो. आणि तोंड खाली सरळ, मागेपुढे झुकलेलं नको.

काही जण होडीला भोक नको म्हणून आतून चिकटवतात. भरीव फायबर असेल तर चालतं, थोडी ताकद कमी होते आणि पाण्याचं तापमान बरोबर येत नाही. लाकडी होडीत किंवा मध्ये फोम भरलेल्या बुडात हे अजिबात चालत नाही. जिथे भोकं पाडाल तिथे समुद्री सीलंट भरपूर भरा. ट्रान्सड्यूसरची वायर आउटबोर्डच्या वायरींना चिकटवून नेऊ नका, नाहीतर वेग वाढवला की स्क्रीनवर ठिपक्यांचा पाऊस पडतो, आणि लांब झाली म्हणून कापू नका, गुंडाळून ठेवा. शेवाळ-शिंपले चढले की चित्र फिकं होतं, मऊ फडक्याने पुसायचं, सुरीने खरवडायचं नाही.

दोरी ओढून सुरू होणाऱ्या छोट्या आउटबोर्डला बॅटरीच नसते, तिथे १२ व्होल्टची वेगळी बॅटरी न्यावी लागते. पाच इंची मशीन साधारण एक अँपिअर किंवा त्याहून कमी खातं, पण ७ अँपिअर-अवरची साधी लेड बॅटरी अर्ध्यावर आली की थांबावं म्हणून साडेतीन-चार तासच धरा. दिवसभर जायचं तर मोठी घ्या. प्लसच्या वायरला बॅटरीजवळ फ्यूज हवाच.

सगळ्यांनी घेतलं तर मासे उरतील का?

हा प्रश्न वयस्कर मंडळी विचारतात आणि बरोबर विचारतात. गळाची किंवा छोट्या जाळ्याची होडी स्क्रीन बघून समुद्र रिकामा करत नाही, खरी झळ बसते ती मोठी यंत्रं आणि रात्री मासे गोळा करायच्या एलईडी दिव्यांची, ज्या दिव्यांवर केंद्राने २०१७ मध्येच बंदी घातली आहे. पण खडक छोटा असतो, त्यावरची तांबोशी मोजकी असते आणि एकदा वेपॉइंट साठवला की तिथे रोज जाता येतं, हे नाकारून चालणार नाही. ज्यांच्याकडे पंधरा-वीस जागा साठवलेल्या आहेत त्यांनी पाळीपाळीने जावं आणि एक खडक महिना-दीड महिना मोकळा ठेवावा, असं मला मनापासून वाटतं, त्यासाठी पण हीच वही उपयोगी आहे, शेवटची तारीख वेपॉइंटच्या नावातच टाकता येते.

दुकानात

गार्मिन, लॉरन्स, हमिनबर्ड, फुरुनो, सगळ्यांची चांगली मशीनं आहेत आणि सगळ्यांची महाग-स्वस्त मॉडेलं आहेत, नावावरून भांडण्यात अर्थ नाही. विचारायचं ते हे, की किंमत ट्रान्सड्यूसरसकट आहे का, कारण बऱ्याचदा तो वेगळा असतो आणि घरी येऊन खोकं उघडल्यावर कळतं. वॉरंटी भारतातली आहे का, की कोणीतरी बाहेरून आणलेलं मशीन आहे ज्याची दुरुस्ती इथे होणार नाही. आपल्या किनाऱ्याचा नकाशा त्यात आहे की वेगळं कार्ड घ्यावं लागेल. वेपॉइंट मेमरी कार्डवर काढता येतात का, कारण मशीन एक दिवस बिघडणार आणि दहा वर्षांच्या जागा त्याच्याबरोबर जायला नकोत. आणि जवळच्या बंदरात तेच मॉडेल वापरणारा कोणी असेल तर आधी त्याच्या होडीवर एक फेरी मारून या.

जून-जुलैच्या बंदीत होडी वर असते, बसवायला तीच वेळ बरी, घाई नसते आणि बूड उघडं दिसतं. फक्त बसवणाऱ्याचे शेवटचे पैसे होडी पाण्यात उतरवून, पूर्ण वेगात तळ दिसतोय हे बघितल्यावर द्या.